मापाचं धनुष्य

२ सप्टेंबर, मंगळवार

आखेचं जुनं जाकीट कापलं. पाठीच्या कापडाचं दुपटं झालं, बाह्यांची दोन टोपडी होतील. आतली लोकर अजून दमदार आहे. थंडीत बाळाला ऊब.

वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. "अगं, तो आला की काय घालेल? तुझं डोकं?" म्हटलं, "हिरव्या दगडाच्या खाणीत आहे तुमचा भाऊ. नवं घेईल की!" तर म्हणे, "कात्री हातात आली की तुला पुढचं दिसत नाही." नाहीच दिसत.

काल बाजार होता. मीठ आणलं. बाकी काही नाही.

५ सप्टेंबर

मामंजींचं जेवण सुटलंय. दोन घास खातात नि ताट माझ्याकडे सरकवतात – तू खा, दोन जिवांची आहेस. विचारलं तर म्हणे दात दुखतो. तोंडात दात उरलेत किती, त्यातला दुखायला कोण मोकळा आहे!

आणि आज चुलीशी बसल्या बसल्या एकदम, "मला धनुष्य घ्यायचंय. खटक्याचं. चांगलं."

वन्संच्या हातातली पळी तशीच राहिली. मग तोंड सुटलं. "डोळ्यात वडस, गुडघ्यात वात, आणि म्हणे धनुष्य! रानडुक्कर तुमची वाट बघत बसलंय का, बाबा? काठी घ्या एखादी बरी." त्यांचं जुनं धनुष्य चुलीवरच्या आढ्याला टांगलेलं आहे. दांड्यावरची आडवी कमान कधीच तडकली, खटका तेवढा शाबूत. काजळी बसून बसून ते आता आढ्याचंच लाकूड वाटतं. डोळा गेल्यापासून ते शिकारीला गेलेले नाहीत.

मामंजी चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आछा येईल माझ्यासंगं. तिची नजर चांगली. तीच निवडेल."

मी! बाईनं धनुष्याला हात लावायचा नसतो. त्यात पोटुशीनं तर नाहीच, नेम कायमचा बिघडतो म्हणतात. तर म्हणे, "हात नको लावू. बोट दाखव नुसतं."

खरं सांगायचं तर बरं वाटलं. माणूस कशासाठी तरी उठून बसला. खारी मारू देत, पाखरं मारू देत, काही न मारता हिंडून येऊ देत. खातील तरी.

९ सप्टेंबर

धनुष्यं करणाऱ्या दावेयकडे जाऊन आलो. बांबूच्या पुलावरून पलीकडच्या गावात. पाणी अजून गढूळ, पुलाला लागायला हातभर कमी. मामंजी पुढे, मी मागे, आणि दोघंही एकमेकांना सांगतोय – सांभाळून!

दावेयच्या पडवीत धनुष्यं मक्याच्या कणसांसारखी टांगलेली. मी मनात ठरवूनच गेले होते – हलकं. बुटका दांडा, पातळ कमान, दोरी पोटाशी धरून ओढता येईल असं. तसलं एक होतं. दांडा जर्दाळूच्या लाकडाचा, खटका हाडाचा, गुळगुळीत. बोट दाखवलं. "हे. हे मामंजींना चांगलं."

दावेय म्हणाला, "वैनीला कळतंय! दादा, हे म्हणजे म्हातारपणची बायको – ओरडत नाही, ओढून धरत नाही, बोलावलं की येते."

मामंजींनी हसून हातात घेतलं, खांद्याला लावलं, आणि परत टांगलं. "आखूड आहे."

आखूड? त्यांच्या हाताला ते नेमकं बसत होतं. मी डोळ्यांनी बघितलं!

मग त्यांनी कोपऱ्यातलं सगळ्यात दांडगं काढायला लावलं. जमिनीवर बसून दोन्ही पाय कमानीवर टेकवले, दोरी दोन्ही हातांनी धरली आणि मागे रेलले. दोरी वीतभरही हलली नाही. हात सुटले नि स्वतःच उताणे पडले. दावेय इतका हसला की त्याला ठसका लागला. मी धावले तर म्हणे, "हात नको लावूस धनुष्याला!" म्हातारा उताणा पडलाय, आणि काळजी कशाची बघा.

पडल्या पडल्याच त्यांनी दांड्यावर बोटं टेकवून माप घेतलं. "हे पण आखूड. अजून चार बोटं पाहिजेत."

"मामंजी, तुमच्या हाताला हे आत्ताच लांब पडतंय."

"पडू दे."

दावेयचं हसणं तिथं थांबलं. त्यानं मामंजींकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि आत जाऊन चहा टाकला. चहात लोणी नि मीठ जरा जास्तच झालं होतं.

येताना मी पुढे, मामंजी मागे.

१० सप्टेंबर

पाय सुजलेत. वन्संनी आलं ठेचून बांधलं. हात हलका आहे त्यांचा, तोंड तेवढं जड.

१४ सप्टेंबर, रविवार

देवळात पाद्रीबाबांनी खाणीतल्या पोरांसाठी प्रार्थना केली. एकेकाचं नाव घेतलं. आखेचंही घेतलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते, कुणाची तरी डुकरीण मिरचीच्या वाफ्यात शिरली होती.

बाहेर पडताना मिखाची बायको माझ्याकडे यायला लागली. मिखा आखेबरोबरच गेला होता, पावसात परत आला, हात मोडलाय. मी दुसऱ्या वाटेनं निघाले. ती बोलायला लागली की थांबत नाही, आणि मला उन्हात उभं राहवत नाही.

वन्सं म्हणाल्या, "चल, डोंगराच्या धारेवर जाऊ, फोन लागतो का बघू." मी म्हटलं माझे पाय सुजलेत. त्या एकट्याच चढून गेल्या. संध्याकाळी आल्या त्या शिव्या देतच. "मेला फोन! नुसती टुंई टुंई. खाणीकडच्या लढाईनं तारा तोडल्या की काय." तसंच असेल, म्हटलं.

१८ सप्टेंबर

शेजारचे कूदाकाका गेले.

मला कुणी सांगितलं नाही. पोटुशीला मरण सांगत नाहीत. गेलेला जीव दार शोधत हिंडत असतो, ऐकणारीच्या पोटात शिरतो म्हणतात. वन्सं सकाळी म्हणाल्या, "काका लेकीकडे गेलेत, राहतील तिकडेच काही दिवस." तिकडून फळ्यांवर रंधा चालल्याचा आवाज! डुक्कर शिजल्याचा वास! मी म्हटलं, "हो का? बरं झालं, हवापालट होईल." घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पोटुशीला काही कळू नये म्हणून अख्खं गाव नाटक करतं, आणि पोटुशी त्यांच्यासाठी करते.

दुपारी मागच्या फटीतून पाहिलं. काकांचं धनुष्य चादरीत गुंडाळून टेकडीवर नेत होते. पाद्रीबाबा वाटेत आडवे. "आपण लिसू लोक आता येशूची लेकरं. थडग्यावर क्रूस पुरे. हे जुनं खूळ कशाला?" काकांचा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "क्रूस लावलाय, बाबा. हे बाजूला टांगतो." पाद्रीबाबांच्या स्वतःच्या वडिलांच्या थडग्यावर काय टांगलंय, ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

गडी माणूस रिकाम्या हातानं त्या वाटेला लागला, तर पूर्वज त्याला ओळखत नाहीत. हातात दुसऱ्याच्या मापाचं असेल, तर म्हणतात कुठून चोरलंस? म्हणून ज्याचं त्याचं लागतं. हे आम्हाला चालायला लागायच्या आधी ठाऊक असतं.

संध्याकाळी मामंजी टेकडीवरून आले. हातपाय धुऊन, आग ओलांडून आत आले, नि मला म्हणाले, "लेकीकडे बरे आहेत कूदा." मी म्हटलं, "बरं."

२४ सप्टेंबर

आज भांडले. सासऱ्याशी! माझा आवाज पुलापलीकडे गेला असेल.

चुलीवरच्या फळीवर रानतुतीची एक फांदी कित्येक वर्षं वाळत पडलीय. आखे जन्मला तेव्हा मामंजींनी तोडून आणलेली. पोरगा मोठा झाला की त्याचं धनुष्य या लाकडाचं. पोरगा मोठा झाला, पण त्याला गलोल आवडली, मग फोन आवडला, मग खाण. "नंतर करू, बाबा." फांदी धूर खात राहिली.

आज सकाळी फळी रिकामी. मामंजी ती फांदी खांद्यावर टाकून निघालेले, दावेयकडे.

"ती आखेची आहे!"

"ठाऊक आहे."

"मग त्याला विचारल्याशिवाय कशाला नेता? तुम्हाला हलकं धनुष्य पाहिजे. हलकं! मी निवडलंय. तुमच्या हातात बसतं, तुमच्यानं ओढवतं. दुसरं कुठलंही धनुष्य या घरात यायचं नाही!"

वन्सं तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. त्यांच्याइतकं दुसरं कुणी या घरात ओरडू शकतं, हे त्यांना आजच कळलं.

मामंजींनी फांदी खाली ठेवली नाही. "लाकूड वाळलंय, पोरी. आणखी ठेवलं तर तडकतं," एवढंच म्हणाले नि गेले.

मी गोठ्यामागं जाऊन बसले. राग राग राग. म्हाताऱ्याचा राग, फांदीचा राग. आतून पोर लाथा मारत होतं.

२७ सप्टेंबर

मामंजी सकाळपासून काहीतरी शोधत होते. गाठोडी सोडली, पेटी उपसली. वन्सं म्हणाल्या, "काय हरवलं, सांगा तरी!" सांगेनात. शेवटी माझ्याकडे आले. "आखेचं जाकीट होतं ना, निळं?"

मी दोरीकडे बोट दाखवलं. दुपटं वाळत होतं, शेजारी दोन टोपडी.

ते दोरीपाशी गेले. टोपडं हातात घेतलं, उलटं केलं, शिवण चाचपली. बाहीचं कापड ओळखलं त्यांनी. मग माझ्याकडे पाहिलं. एक डोळा पांढरा, एक चांगला, आणि दोन्ही माझ्यावर. मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले. खडा एकही नव्हता.

टोपडं परत दोरीवर टाकून म्हणाले, "तो तुझ्यापेक्षा किती उंच?"

उठले. डोक्यावर हात धरून दाखवला. इथपर्यंत.

"आणि हात?"

हाताचं माप कसं सांगायचं? ते आमच्या अंथरुणातलं माप. झोपताना माझी मान त्याच्या दंडावर असते आणि माझा हात पसरला की त्याची बोटं माझ्या मनगटावर येतात. सासऱ्याला सांगायची गोष्ट आहे का ही? मी भिंतीला पाठ लावली, हात पसरला, आणि दुसऱ्या हातानं मनगटावर खूण केली. "मानेपासून इथवर."

त्यांनी बांबूची कामटी माझ्या हाताजवळ धरली, मला न शिवता, आणि कोयतीनं खाच पाडली.

कशाला, ते मी विचारलं नाही. हलक्या धनुष्याचंही बोलले नाही.

४ ऑक्टोबर

दावेय स्वतः घेऊन आला. त्याला डुकराचं पिल्लू दिलं, ते त्यानं नको नको म्हणत घेतलं.

धनुष्य सुंदर झालंय. सुंदर! रानतुतीची कमान धुरानं पिंगट झालेली, दोरी तागाची, मेण लावून पिळलेली. दांडा लांब. उभं धरलं तर मामंजींच्या छातीच्या वर येतं. त्यांनी ते कुशीत धरलं होतं, ओढून बघितलं नाही.

वन्सं म्हणाल्या, "घ्या! आता हे ओढणार कोण?"

दावेयनं टोपी काढली, परत घातली.

मग मीच म्हटलं, "दावेयदादा, पडवीतलं ते हलकंही पाहिजे. जर्दाळूच्या दांड्याचं. पुढच्या बाजाराला आणा." मामंजी म्हणाले, "कशाला दोन?" म्हटलं, "ते तुमचं. मी निवडलंय. तुम्ही रोज सकाळी उठायचं, ते घेऊन रानात जायचं, आणि जेवायला परत यायचं. काही मारून आणलं नाही तरी चालेल."

"आणि नाही गेलो तर?"

"तर मी पण जेवणार नाही. दोन जिवांची आहे."

म्हातारा हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

११ ऑक्टोबर

मामंजींनी हलक्या धनुष्यानं खार मारली! एका डोळ्यानं! वन्संनी तिखट घालून भाजली. मामंजी दोनदा भात घेऊन जेवले.

मोठं धनुष्य चादरीत गुंडाळून आढ्यावर आहे. त्याच्याखालून जाताना मी वर बघत नाही.

२३ ऑक्टोबर

मुलगी. दोघी ठीक.

८ नोव्हेंबर

आज मामंजींनी वन्संना आणि मला समोर बसवलं. माझ्या मांडीवर पोर. म्हणाले, आखे गेला. पावसात. खाणीच्या बाहेर टाकलेल्या मातीचा डोंगर सरकला, त्याखाली. पोरं दगड वेचायला त्याच डोंगरावर चढतात. मिखा कडेला होता म्हणून हातावर निभावलं. बाकीचे सापडले नाहीत. वर तळं झालंय.

मिखा परत आला त्याच दिवशी मामंजींना सांगून गेला होता.

वन्संनी आधी विळा भिरकावला, मग चुलीतली राख दोन्ही हातांनी डोक्यात घातली. "मला का नाही सांगितलं? माझ्या पोटात कुठं पोर होतं?"

"तुझ्या तोंडात काही राहत नाही, लेकी," मामंजी म्हणाले, आणि तेही रडायला लागले. तोंडातल्या उरल्यासुरल्या दातांसकट, लहान पोरासारखे.

रडता रडता दोघंही माझ्याकडे बघत होते, ही आता पडेल, आता किंचाळेल म्हणून. मी पोरीला दूध पाजत होते. तिचं संपल्यावर उठून भात टाकला. कुणीतरी टाकायला हवा होता.

९ नोव्हेंबर, रविवार

सगळे देवळात असताना आम्ही टेकडीवर गेलो. मामंजी, वन्सं, मी, पाठीशी पोर. मोठं धनुष्य वन्संनी चादरीसकट उचललं होतं. खड्डा खणला नाही, ठेवायला काही नव्हतं. दगड रचले. वन्संनी दोन काठ्यांचा क्रूस बांधला. त्याशेजारी वेळूची कैची रोवली, धनुष्य टांगायला.

टांगण्याआधी दोरी एकदा ओढून सोडावी लागते. नाहीतर धनुष्य मुकं राहतं, वर हाक पोचत नाही. हे काम भावाचं किंवा मुलाचं. आखेला ना भाऊ, ना मुलगा. धनुष्य ज्यानं घडवलं त्यानं ते ओढायचं नसतं, म्हणून दावेय नाही.

मामंजी बसले. कमानीवर पाय टेकवले, दोरी धरली. रेलले. दोरी हलली नाही. पुन्हा. पुन्हा. बोटांतून रक्त आलं. वन्सं ओरडल्या, "पुरे, बाबा! मुकं तर मुकं!" ते ऐकेनात.

मी पोर वन्संकडे दिली.

मामंजींनी वर पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, हात नको लावू. ते बाजूला सरकले.

गवत ओलं होतं. मी बसले, पाय टेकवले. दोरीवर त्यांचं रक्त लागलेलं. मला पहिल्यांदा कळलं, ते किती नेमकं त्याच्या मापाचं झालंय. मग ओढलं. पोट अजून पुरतं आवळलेलं नाही, आत काहीतरी फाटतंय असं वाटलं. ओढलं. त्याच्यावरचा राग होता, सगळा ओढला – नवं जाकीट घेऊन येतो म्हणाला होतास, मेल्या! दोरी खाचेत बसली, खट.

खटका मामंजींनी दाबला.

केवढा आवाज झाला! खालच्या रानातून पाखरं उठली. पोरगी दचकून रडायला लागली, आणि मग मी. तोंड उघडून, गुरासारखी. वन्संनी एका हातानं पोर धरली, दुसऱ्यानं मला.

धनुष्य टांगलं. खाली देवळात गाणं चाललं होतं.

१० नोव्हेंबर

मामंजी अंगणात हलक्या धनुष्याच्या दोरीला मेण लावत बसले होते. बोटांना चिंध्या. दुपट्यातल्या पोरीकडे पाहिलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं, पोरी?"

म्हटलं, "जाकीट कापलं, त्याच्या आदल्या दिवशी. बाजारात, मीठ घेताना. मागं बायका बोलत होत्या."